पंचेचाळीस मिनिटं मागे

सोमवार, ९ मार्च

वीज गेली आणि नवजात बाळांच्या कक्षाचा यूपीएस चार मिनिटांत बसला! अर्धा तास तरी चालायला हवा होता. जनरेटर सुरू व्हायला आणखी सहा मिनिटं. तोवर सिस्टरांनी तिन्ही बाळांना छातीशी धरून ऊब दिली. तिघंही सुखरूप आहेत.

मंगळवार, १०

साहेबांनी यूपीएसचा लॉग काढायला लावला. सापडलं — ४ मार्च, दुपारी १.२०, कोड १४, बॅटरी कमजोर. त्याच मिनिटाला बझर म्यूट केलेला. ज्याने बटण दाबलं त्याने पुढे कळवलंच नाही.

दोनपर्यंत ड्यूटी मामांची, दोननंतर माझी. सगळं हॉस्पिटल त्यांना मामाच म्हणतं. यूपीएस-जनरेटर सांभाळायचं हे काम मला त्यांनीच शिकवलं.

खरं लिहायचं तर — हुश्श झालं मला.

बुधवार, ११

मामांना घरी बसवलं. निवृत्तीला दोन महिने उरलेले! साहेबांसमोर ते एवढंच म्हणाले, "मी बटणाला हात लावलेला नाही." दोनदा म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही.

गुरुवार, १२

साहेबांनी मागितलेल्या अहवालासाठी वेळा जुळवत होतो. सोमवारी वीज गेली ती सिस्टरांच्या रजिस्टरात १०.१० ला. लॉगमध्ये ९.२५!

यूपीएसचं घड्याळ पंचेचाळीस मिनिटं मागे आहे. म्हणजे ते १.२० नव्हतेच. २.०५ होते.

आल्या आल्या बझर वाजत असला की पिशवी टेकवायच्या आधी मी म्यूट दाबतो — बाळं दचकतात. मग कोड बघतो. त्या दिवशी बघितला नाही. काही म्हणजे काही आठवत नाही, पण बोट माझंच.

शुक्रवार, १३

अहवाल दिला नाही. बायको म्हणाली, "जेवत का नाहीयेस?" पोट बिघडलंय म्हटलं. भेकड आहे मी.

शनिवार, १४

सकाळी साहेबांना सगळं लिहून दिलं. तिथून तडक मामांच्या घरी. सांगताना मान वर होईना.

"त्या दिवशी चष्मा विसरलो म्हणून परत आलो होतो," मामा म्हणाले. "दारातून बघितलं तुला, बटण दाबताना. आता कोड बघेल, असं धरून निघून गेलो. शिकवलं मीच ना!"

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

"वाटलं, तू सांगशील." चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "उशीर केलास रे."