काकूंची लेक माझ्या क्लासात

काकू,

तुमच्या लेकीला जिम्नॅस्टिक्स शिकवताना होणारा आनंद तिच्यासाठी असतो की तुमच्यावर सूड उगवल्याचा, हे मलाच सांगता येत नाही.

चौदाव्या वर्षी मी सहा-सहा वर्षांच्या पोरींच्या रांगेत उभी राहिले, तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत हसलात. "एवढी घोडी झालीस, आता कसल्या कोलांट्या? कंबर मोडली तर लग्न कोण करेल?" दुसऱ्याच दिवशी बाबांनी माझा क्लास बंद केला. घरातली पहिली पदवीधर झाल्यावर मी जिम्नॅस्टिक्स पुन्हा शिकले.

आता तुमची लेक चौदाची आहे. काकांनीच तिला माझ्याकडे आणलं. ती गणिताच्या शिकवणीला जाते, असं तुम्हाला वाटतं.

हे पत्र मी पाठवणार नाही. रविवारच्या प्रात्यक्षिकाचं निमंत्रण मात्र काल पाठवलं. तुमची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवली आहे.

तुमची पुतणी