तुझ्या आईसाठी सीट

प्रिय पिल्लू,

परवा फोनवर तू विचारलंस, मोटारसायकलची एक सीट घ्यायला एवढे दिवस लागतात का? मी हसून वेळ मारून नेली. आता नीट सांगतो.

तुझ्या नव्या घरी यायचं ते मोटारसायकलवरूनच, हा तुझ्या आईचा हट्ट तुला ठाऊक आहे. सराव म्हणून आम्ही धरणापर्यंत जाऊन आलो. येताना ती सारखी माझ्या खांद्याला धरून जागेवरून उठायची. मी म्हटलं, सीट जुनी झाली, दुसरं काय!

आधी सीटवर टाकायची, जेल भरलेली गादी आणली. उन्हात ती अशी तापली की तुझी आई म्हणाली, "अहो, तव्यावर बसवलंत का मला?" मग मऊ फोमची घेतली. बसल्याबसल्या लोणी, पण थोड्या वेळानं फोम दबला आणि खालचा पत्रा माकडहाडाला लागायला लागला. शेवटी आम्ही दोघं सीटवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, लांबच्या प्रवासाला मऊ नको, घट्ट हवी, मागे रुंद हवी. त्यानं फोम कापून सीटचा पुढचा उतार काढून टाकला, म्हणजे ब्रेक मारला की तुझी आई पुढे घसरायला नको. पाठीला टेकूही लावला. "वहिनी, आता झोप लागेल बघा," म्हणाला. तर तुझी आई म्हणते, "सीटला कशाला दोष देता? माझ्याच अंगावरची गादी संपलीय." तो खो खो हसला. मला हसता आलं नाही.

रविवारी पुन्हा निघालो. आरशात पाहिलं तर तिनं ओढणीचं टोक दातांत घट्ट धरलं होतं. मी विचारलं, "कशी आहे सीट?" म्हणाली, "अगदी सोफा!" पेट्रोल पंपावर तिला उतरता येईना. मी उचलून खाली घेतलं. पिल्लू, तिच्यात वजनच राहिलेलं नाही गं. माझ्या गळ्यात हात तसेच ठेवून ती म्हणाली, "पिल्लूला सांगायचं नाही हं."

काल दुपारी मी स्वतःच त्या मागच्या सीटवर बसलो. शेजारच्या काकांना गाडी चालवायला लावली, खड्ड्याखड्ड्यातून फिरवायला लावली. वाटत होतं, कुठेतरी टोचावं, काहीतरी खोट सापडावी. काही सापडलं नाही. सीट उत्तम आहे.

तिचं दुखणं हाडांत उतरलंय. उन्हाळ्यापासून आम्हाला माहीत आहे. डॉक्टर आता औषध बदलत नाहीत, फक्त वाढवतात. तुला कळू द्यायचं नाही अशी तिनं मला शपथ घातली, आणि मी सीटा बदलत बसलो. माझ्या हातात तेवढंच होतं.

तिला तुझ्या घरी आणणं मला आता जमणार नाही. तूच ये. मला काय बोलायचं ते बोल, पण तिच्यासमोर नको. आणि पुढच्या महिन्यात रजा मिळेल, असं म्हणू नकोस. हे पत्र मिळालं की नीघ.

तुझाच,
बाबा