चार टोप्या आणि टेकडीचा चढ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बाहत्तर, व्यवसाय मोटारदुरुस्ती (वकिलांनी इथे दोनदा ‘गृहिणी’ लिहिले, मी दोनदा खोडले), हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण कायद्याने ते विचारलेले नाही.

१. गॅरेजवरचे राहते घर आणि बँकेतली शिल्लक मुलाला. तो खुर्चीवर बसून कमावतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

२. यजमानांची जुनी निळी मोटार. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण भांडण हिच्यावरूनच होणार.

यजमान गेले त्या साली ही गाडी सपाटीवर नीट धावायची आणि चढाला लागली की धाप लागल्यासारखी अडखळायची. धाकटे दीर तेव्हा गॅरेजचे मुख्य मिस्त्री. त्यांनी कार्ब्युरेटर दोनदा खोलला, पेट्रोलचा पंप बदलला आणि जाहीर केले, “इंजिन संपलं. वहिनी, भंगारात घाला.”

मी म्हटले, “एकदा मी बघते.”

त्यावर चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, “बायकांनी स्टोव्हला पिन मारावी, इंजिनात हात घालू नये.”

वीस वर्षे मी यजमानांच्या हातात पाने-पकडी देत होते. पाने देणारा बघतही असतो. मी बॉनेट उघडले आणि प्लगवरची एकेक टोपी, म्हणजे वायरीच्या टोकाचे रबरी टोपण, दोन बोटांनी ओढली. चारही अलगद हातात आल्या. प्लगच्या शेंड्याला बारीक आटे होते आणि टोप्या होत्या जाड बोंडाच्या प्लगसाठीच्या. सपाटीवर कशाबशा टिकायच्या. चढावर इंजिन थरथरले की ठिणगी तुटायची. त्या टोप्या दिरांनीच बसवलेल्या.

योग्य टोप्यांसाठी मी अकरा दुकाने पालथी घातली. जिथे तिथे एकच, “साहेबांना पाठवा.” साहेब भिंतीवर फोटोत होते.

टोपी सरळ दाबायची; आत ‘टक्’ वाजले की बसली. चार वेळा वाजले. मग दिरांच्या दारात जाऊन हॉर्न दिला. “भावजी, बसा.” टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही. वर पोचल्यावर म्हणाले, “आज हवा थंड आहे, म्हणून चढली.” भर उन्हाळ्यात पुन्हा नेले. तेव्हा म्हणाले, “हवा गरम असली की इंजिन मोकळं होतं.”

त्यानंतर एकतीस वर्षे गॅरेज मी चालवले.

आता मुलाच्या मनात ही गाडी एका हॉटेलच्या दारात शोभेला उभी करायची आहे. “आई, लोक तिच्यासोबत फोटो काढतील.” काढू देत, पण चालत्या गाडीचे काढावेत.

म्हणून मोटार, गॅरेज आणि सगळी हत्यारे सुनेला. कारण लिहिते. गेल्या वर्षी मी प्लग बदलत होते. ती चहा घेऊन आली, थांबली आणि म्हणाली, “आई, तिसरी टोपी वाजली नाही हो.” मी म्हटले, “वाजली. तू तुझं बघ.” तिने कप ठेवला, टोपी दाबली. टक्. ते मला ऐकूच आले नाही, फक्त इंजिनावर टेकलेल्या माझ्या बोटांना कळले. ही गोष्ट तिने घरात कोणाला सांगितली नाही. मीच आता सांगते.

अट एकच. महिन्यातून एकदा गाडी टेकडीवर न्यावी. मुलाने शेजारी बसावे, सूचना देऊ नयेत.

३. धाकट्या दिरांस काही नाही. हे रागापोटी लिहिले आहे असे कोणी म्हटल्यास ते खरे आहे.

सही: (मृत्युपत्र करणारी)

स्थळ: गॅरेजमागची खोली. दिनांक: ९ जानेवारी २०१९, सकाळी अकरा.

साक्षीदार पहिले: दाखला देणारे डॉक्टर.

साक्षीदार दुसरे: धाकटे दीर. (ज्याला काही मिळते त्याला साक्षीला घेऊ नये, असे वकील म्हणाले. यांची ती अडचण नाही. सगळे वाचून त्यांनी एवढेच विचारले, “टोप्या मीच बसवल्या होत्या, हे लिहायलाच हवं का?” मी पेन पुढे केले. त्यांनी सही केली.)