पहिली अक्षत मारुतीला

॥ श्री ॥
छावणी, औरंगाबाद
२० एप्रिल १९८७

ती. सौ. द्वारकावहिनींस,
वच्छलाचा शि. सा. न. वि. वि.

रागानं लिहिते आहे, तेव्हा अक्षर बघू नका. तुमच्या चंद्रकलेच्या लग्नाची पहिली अक्षत आपल्या जुन्या गावच्या मारुतीपुढं ठेवायची, त्याशिवाय एक पत्रिका वाटायची नाही, असं आईनं तुम्हाला तिथं पिशोरात बजावलं आणि तुम्ही ते माझ्या गळ्यात घातलं. पैठण मला जवळ ना! अकरा वर्षं नाथसागराच्या पोटात गेलेलं गाव यंदाच्या उन्हाळ्यात उघडं पडलं, मलाही वाटलं घटकाभराचं काम. कंबरेला खोचून नेलेली अक्षत तशीच परत आणली आहे.

तिथं आता पाखरांचं अभयारण्य झालंय. एकट्यादुकट्याला आत सोडत नाहीत. ह्यांच्या ओळखीचे आप्पासाहेब मास्तर लोकांना पक्षी दाखवायला नेतात, त्यांच्या घोळक्यात मी काल शिरले. निघायच्या आधीच मास्तरांनी माझं पातळ नापास केलं. एवढं लाल पाखरांना सोसत नाही म्हणे. नवं घेणार कोण? ह्यांची मातकट शाल भर एप्रिलात पांघरून चालले. छत्री मिटा, बांगड्या वर सारा, बोलू नका. रामरक्षा पुटपुटले तर तेवढ्यालाही मागं वळून बघितलं. मारुतीचा ओटा समोर दिसतोय आणि ही माणसं एका बगळ्यापायी पाऊण तास उभी! एका बदकाचं नाव मात्र हळदीकुंकू. चोचीच्या टोकाला पिवळं, कपाळापाशी तांबडं. तेवढीच एक सवाष्ण भेटली.

ओटा शंभर पावलांवर राहिला आणि रखवालदार सांडू आडवा झाला. मारुतीच्या पुढ्यात, उघड्या दगडावर, नदीसुरय नावाच्या पाखरानं तीन अंडी घातलीत. माणूस जवळ गेला की ती उठते, आणि ती उठली की उन्हानं अंडी करपतात, असं म्हणाला. मी हात जोडले, चार दाणे ठेवून लगेच फिरते म्हटलं. तर म्हणे माय, पिल्लं उडाली की या, महिन्यानं. आणि लग्न चौदा मेला! घरी येऊन सवयीनं वहीत मांडलं: चालणं सहा तास, बदकं दोनशे चाळीस, मारुती शून्य.

आता तुम्हीच आईला समजवा. इथल्या छावणीच्या मारुतीला अक्षत ठेवते, देव तोच आहे म्हणावं. तिच्या पायांवर डोकं ठेवते. रागात असले तरी तुमचीच आहे, एवढं ध्यानात असू द्यावं.

आपली,
वच्छला

पिशोर
२५ एप्रिल १९८७

सौ. वच्छलावन्संस,
द्वारकाचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही उन्हात तापला, आम्ही घरात तापलोय. दोनशे पत्रिका कोनाड्यात पडून आहेत. नवरदेवाकडचे दोनदा विचारून गेले. तुमच्या भावानं तर आईपुढं तोंड उघडायचंच सोडलंय. रोज उठून शेतात पळतात, म्हणजे राहिले मी आणि सासूबाई.

तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. छावणीच्या मारुतीचं ऐकल्यावर लई तापल्या. शेजाऱ्याला जेवू घातल्यानं घरच्याचं पोट भरतं व्हय, म्हणाल्या. मग अंड्यांचा मजकूर आला. तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. अंडी किती, कधी घातली, ऊन लागतं का, सगळं मलाच विचारलं, जसं काय मीच उबवतेय.

आणि मग घसरल्या तुमच्यावर. पोरगी मॅट्रिक झाली पण रीत शिकली नाही, असं म्हणाल्या. बाळंतपण चालू असलेल्या घरात कुणी अक्षत घेऊन शिरतं का? सोयर असलं की अक्षत अंगणाबाहेर ठेवायची, हात जोडायचे, माघारी फिरायचं. त्या रखवालदारानं अडवलं तेच अंगण. तिथंच ठेवली असती तर त्याच दिवशी पोचली होती, पोरीनं उगाच घरी आणली.

तेव्हा वन्सं, पुन्हा जावं लागतंय. हे मी म्हणत नाय, त्या म्हणतात. पत्रिका तोवर कोनाड्यातच. शाल जरा पातळ न्या. माझ्यावरचा राग लग्न झाल्यावर काढा, तोवर माया उधार नको, रोख असू द्या.

तुमची,
द्वारका

छावणी
४ मे १९८७

ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न.

कार्डावर भागवते, सांगण्यासारखं फार नाही. काल पुन्हा गेले. पुन्हा शाल, पुन्हा बगळा, तोच असावा. सांडूनं दगडांची रेघ आखली आहे, तिच्या अलीकडं अक्षत ठेवली आणि वाकले. तेवढ्यात ती पाखरीण ओट्यावरून उठली, किंचाळत आली आणि माझ्या डोक्यात चोच मारून परत अंड्यांवर जाऊन बसली. मी शंभर पावलांवर! अंबाडा सुटला, पिना मातीत गेल्या. मास्तर म्हणाले, हे बघायला लोक वर्षानुवर्षं येतात. मी मातीतल्या पिना वेचल्या. बोलायला बंदीच होती.

पत्रिका आजच वाटायला काढा. आईला सांगा, अक्षत पोचली, अंगणाबाहेरून. आणि बाळंतीण खडखडीत आहे.

आपली,
वच्छला