मिटलेली उत्तरं

२८ जुलै

पुन्हा विनेश! शिवदासकाकांचा हा पुतण्या पनवेलहून डिप्लोमा करून आला काय, आणि काकांच्या झेरॉक्सच्या दुकानातली खुर्ची त्याची झाली. मी स्टुलावर.

मच्छीमार सोसायटीने बोटींवर नवीन यंत्रं बसवली. ती कशी वापरायची ते सगळं वेबसाइटवर. समुद्रात रेंज कुठली? म्हणून पुस्तक छापून हवंय. आठवडाभर मी एकेक पान उघडून जुळवतोय. शुद्धलेखनही सुधारतोय — 'सूचना' त्यांनी ऱ्हस्व लिहिलंय!

२९ जुलै

चहा संपायच्या आत विनेशने अख्खी साइट छापायला सोडली. काका म्हणाले, "केतन, तुझं राहू दे आता. बघ, याला म्हणतात शिक्षण!" सोसायटीच्या ऑफिसातली प्राची तिथेच होती. हसली. त्याच्याकडे बघून.

३१ जुलै

पानं लावायचं काम मात्र माझंच. शेवटचं प्रकरण — 'संकटात काय करावे'. बोटीत पाणी शिरलं तर कोणतं बटण? मदत कशी मागायची? नुसते प्रश्न! साइटवर प्रश्नावर दाबलं की खाली उत्तर उघडतं. याने दाबलंच नाही. मिटलेलं ते मिटलेलंच छापलं.

कुणाला बोललो नाही. नारळी पौर्णिमेला पुस्तकं वाटणार आहेत, कुणीतरी उघडेलच सगळ्यांसमोर. मग बघू डिप्लोमा.

१ ऑगस्ट

विनेश गठ्ठा घेऊन म्हसळ्याला गेला, कव्हर आणि स्पायरल करायला. निघताना म्हणाला, "तू बघितलंस ना रे सगळं?"

हो म्हटलं.

५ ऑगस्ट

प्राचीने त्याच्यासाठी घावनांचा डबा आणला. मला म्हणाली, "पाणी आहे का रे?"

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

बंदरावर मी मुद्दाम पुढे उभा. आता उघडतील, मग उघडतील. कुणी उघडलंच नाही! प्रत्येक नाखव्याने पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं आणि बोटीतल्या देवाच्या फोटोमागे ठेवलं. माझ्या दादानेसुद्धा. म्हटलं, "दादा, एकदा उघडून तरी बघ." तर म्हणतो, "पूजेची वस्तू हाय, भिजंल उगाच. लागंल तवा उघडू."

तेवढ्यात काकांनी विनेशला हार घातला. टाळ्या. मी गर्दीत मागे सरकलो.

९ ऑगस्ट

बोटी पहाटेच्या भरतीला गेल्या.

दुपारी प्राची ऑफिसची प्रत घेऊन आली. पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली. "विनेश हट्टच धरून बसला होता, नाव तुझंच हवं म्हणून. म्हणे, एकेक पान तपासणारा तो आहे, मी फक्त बटण दाबलं."

कव्हरवर, खाली: छापील प्रत — केतन चोगले. दुसरं कुणाचंच नाव नाही.

दादाला फोन लावतोय. रेंज नाही.