नव्या खिळ्यांची भेसळ

२ नोव्हेंबर १९५६, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. छापखान्यात नव्या हिंदी खिळ्यांचीही, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांचीही, पूजा झाली. काल मध्यभारत राज्य संपलं. आता सगळे सरकारी फॉर्म मध्यप्रदेशाच्या नावानं छापायचे. ते काम मिळालं तर प्रेस तरेल, नाहीतर माधवनगरातलं दुकान बंद!

धाकट्या भावाला, जयंताला, बजावलं: नवे खिळे जुन्यांपेक्षा किंचित उंच आहेत, वेगळ्या पेटीच्या खणांत भर, जुन्यांत मिसळू नकोस. हो म्हणाला. अण्णांनी कुंकू मात्र जुन्याच पेटीला लावलं. वडिलांची माया जुन्यावर, दुसरं काय!

५ नोव्हेंबर

सत्यानाश! जुने-नवे सगळे एकाच पेटीत ओतलेले! विचारलं तर जयंत खाली मान घालून म्हणतो, "माझ्याकडून झालं, दादा." बस, एवढंच! नवा खिळा चांदीसारखा चकाकतो, जुना शाईनं काळाठिक्कर. डोळे आहेत की भोकं?

अण्णा कोपऱ्यात स्टुलावर बसून होते. एक शब्द बोलले नाहीत. लाडक्याला कोण बोलणार!

६ नोव्हेंबर

वेचायला वेळ नव्हता, तसाच नमुना छापून, अण्णांनाही न दाखवता, कोठीवर, सरकारी कचेरीत, नेला. नवी अक्षरं कागदात रुतलेली, जुनी उठलेलीच नाहीत. बाबू सगळ्यांदेखत म्हणाला, "पंडितजी, ये छपाई है कि चेचक के दाग?" छपाई की देवीचे वण! सगळे हसले. हातापाया पडून शनिवारपर्यंत मुदत मिळवली.

घरी येऊन जयंताला सांगून टाकलं, ट्रंक भर आणि भोपाळला नोकरी बघ. या प्रेसमध्ये तुझं काम नाही.

७ नोव्हेंबर

कुसुम म्हणते, पाडव्याला भावजी दिवसभर भैरवगढला होते, कापड छापणाऱ्या छिप्यांची लेबलं पोचवायला. खिळे भरले कधी? मग यानं कबूल कशाला केलं? बायकोलाही दिराचाच पुळका! जेवलो नाही.

८ नोव्हेंबर

जयंत एकटाच खिळे वेचतोय. वेचू दे. निस्तर म्हणावं.

९ नोव्हेंबर

नमुना स्वच्छ निघाला. पहिला कागद अण्णांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जात नाही, ही आमची जुनी रीत. पण राग गेला नव्हता. न बघताच त्यांच्या हातात कोंबला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. वर-खाली केला, बराच वेळ निरखला.

"छान उठलंय रे. 'म' तर अगदी ठसठशीत."

कागदाची कोरी बाजू त्यांच्याकडे होती.

मी जयंताकडे बघितलं. त्यानं हळूच मान हलवली — बोलू नकोस. त्याची ट्रंक दारात भरून ठेवलेली आहे.