कंट्रोलची बाटली

३ मार्च, सोमवार
आजपासून शिस्त. पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन महिनाअखेर संपतंय. आठवं वर्ष, आता मुदतवाढ नाही. पीएच.डी. नाही तर कॉलेजात कायम नोकरी नाही. तासिकेवरचा मास्तर म्हणूनच म्हातारा होईन. काम तसं सोपं. माणसाच्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी कल्चर रूममध्ये बाटलीत वाढवायच्या, वर जंतूचं टॉक्सिन म्हणजे विष घालायचं, पेशी मरताना बघायच्या. जंतू मिरकरवाड्याच्या बंदरातल्या पाण्यातला. पाणी भरताना मासेवाली मथुरा म्हणाली होती, पानी कशाला नेताव मास्तर, बांगडे न्या की. विज्ञानाची ही कदर!

६ मार्च, संध्याकाळ
पेशी मेल्या! गोल झाल्या, सुटल्या, तरंगल्या. काय जहाल विष! त्याला माझं आडनाव द्यावं का? लीलाला देवरूखला फोन केला. बायको म्हणून तिला आधी कळायला हवं. ती म्हणाली, बरं झालं, जेवलास का?

७ मार्च
गाइड मनस्विनी मॅडम (एके काळी माझीच विद्यार्थिनी, पण मी हे मनात आणत नाही) विचारतात, सर, कंट्रोल कुठाय? म्हणजे टॉक्सिन न घातलेल्या पेशींची बाटली. काही न करण्याला प्रयोग म्हणत असते तर मी केव्हाच डॉक्टर झालो असतो. पण वाद नको. लावतो.

११ मार्च
कंट्रोलही मेला. याचा अर्थ, टॉक्सिन हवेतून पसरतं! मॅडमना सांगितलं. त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. भारावल्या असाव्यात.

१४ मार्च, धुळवड
कॉलेज ओस. सगळे शिमग्याला गावी. नुसता कंट्रोल लावलाय, टॉक्सिन दुसऱ्या मजल्यावर. या खेपेला पेशींना एकटं सोडणार नाही. सारखी त्यांची उबेची पेटी, इनक्युबेटर, उघडून बघतोय. माया लागते.

१७ मार्च
त्याही गेल्या. खरंच वाईट वाटलं. मॅडमनी विचारलं, दार किती वेळा उघडलंत? म्हटलं, काळजी घेण्यात मी कमी पडलो नाही. त्या म्हणाल्या, साठ्यात राहिलेल्या पेशी मी वाढवते, तुम्ही फक्त टॉक्सिन द्या. उत्तम. हमाली त्यांच्याकडे, शोध माझा.

२४ मार्च, दुपार
मॅडमच्या पेशी जोमात आहेत. एका बाटलीत टॉक्सिन घातलं, दुसरी कंट्रोल. निकाल काय लागणार ते मला माहीत आहे. प्रबंधाची अर्पणपत्रिका लिहून टाकली. लीलाला.

२७ मार्च
दोन्ही बाटल्या जिवंत. टॉक्सिनवाली जरा जास्तच तुकतुकीत. मॅडमनी दुप्पट घालून पाहिलं, मग दहापट. एकही पेशी मेली नाही. माझ्या जंतूत विषच नाही. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, सर, कल्चर रूममध्ये आता नका येऊ. लीलाचा फोन वाजला, मी घेतला नाही.

आठ वर्षं त्या खोलीत पेशी मारणारं एकच काहीतरी होतं. ते सध्या बाहेरच्या बाकावर बसून हे लिहितंय.